मागच्या पट्टीतल्या पाहुण्यांची खतावणी

संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा "बँकेतल्या आठवणी लिहा" असं सुचवलं होतं. पण बँकेतल्या आठवणी बँकवाल्यांनाच गोड लागतात. इतरांना त्या दुसऱ्याच्या पासबुकासारख्या वाटतात, आकडे भरपूर आणि गोष्ट काहीच नाही. सोसायटीची नोंदणी, कन्व्हेयन्स, टाकी, लिफ्ट हा इतिहास लिहायला माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आहेत आणि तो अहवालात येईलच. म्हणून मी लिहिणार आहे ते अशा रहिवाशांबद्दल, ज्यांनी पंचवीस वर्षांत एकदाही मेंटेनन्स भरला नाही, ज्यांचं नाव एकाही भाग-दाखल्यावर नाही, आणि तरीही सप्टेंबर उजाडला की जे हक्काने येऊन राहतात. दूरदेशाहून आपल्या मागच्या पट्टीत येणारे पक्षी.

२००१ च्या गुढीपाडव्याला आपल्याला ताबा मिळाला, आणि त्याच मार्चअखेर मी व्हीआरएस घेऊन बँकेतून बाहेर पडलो. तळमजल्याचा फ्लॅट कोणी घेत नव्हतं. झुरळं, डास, चोरांची भीती. आईचे गुडघे दुखायचे म्हणून आम्ही तो घेतला. मागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत दहा-बारा फुटांची पट्टी होती आणि तीत बिल्डरने टाकलेला राडारोडा. पहिल्या कमिटीने श्रमदान करून तो उचलला. कडुनिंब, शेवगा, पारिजातक, जास्वंद, कढीपत्ता लावले. उंबर आपोआप आला. वरच्या टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप त्याच पट्टीत सुटलेला होता, त्यामुळे कोपऱ्यात कायम चिखल. त्या चिखलाबद्दल मी कमिटीला तीन पत्रं लिहिली होती. ती पत्रं आज वाचताना लाज वाटते.

सप्टेंबर २००१. सकाळी मी पेपर वाचत होतो. आमची सौ. स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "अहो, लवकर या, परीट आलाय." मला वाटलं इस्त्रीचे कपडे आले. जाऊन बघतो तर चिखलात एक सडपातळ पक्षी, पाठ राखाडी, पोट पिवळं, आणि लांब शेपटी सारखी वर-खाली. दगडावर धुणं आपटावं तशी. म्हणूनच त्याला परीट किंवा धोबी म्हणतात. हा करडा धोबी. सौ. वाईची. कृष्णेच्या घाटावर तिने लहानपणापासून हे पाहिलेले. म्हणाली, "गणपती गेले की हे येतात. थंडी संपली की जातात. आमच्याकडे पोरांनासुद्धा ठाऊक आहे."

मला ठाऊक नव्हतं. बावन्न वर्षांचा पदवीधर माणूस, तीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या ओळखण्यात घालवलेली, पण दारात आलेला पक्षी ओळखता येत नव्हता.

पहिली दोन वर्षं वही नव्हती. २००३ साली बँकेच्या जुन्या मोठ्या डायऱ्या पडून होत्या, त्यातल्या एकीत रकाने आखले. तारीख, पक्षी, जागा, कोणी पाहिला, शेरा. बँकेची सवय, नोंद केली की ती पक्की. त्या वर्षी अनंत चतुर्दशी ९ सप्टेंबरला होती आणि धोबी १० तारखेला आला. सौ. विजयी मुद्रेने म्हणाली, "बघा!" २००४ साली मात्र अधिक श्रावण आला. गणपतीच मुळी १८ सप्टेंबरला बसले, आणि धोबी ६ तारखेला हजर. गणपती जायचे सोडा, यायच्याही आधी. सौ. म्हणाली, "त्याला कोणी अधिक महिना सांगितला नसेल." चेष्टेत म्हणाली, पण गोष्ट अगदी खरी होती. आपलं पंचांग चंद्र आणि सूर्य दोघांना सांभाळून चालतं, म्हणून चतुर्थी ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सरकते. पक्षी फक्त सूर्य पाळतो. दिवस किती लहान झाला हे त्याच्या शरीराला कळतं आणि तो निघतो. २००३ ते २०११ ही नऊ वर्षं माझ्या वहीत धोबी सप्टेंबरच्या पहिल्या दहा दिवसांतच जमा आहे.

मग मला नाद लागला. हा येतो कुठून, आणि हे माणसाला कळलं कसं? वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की धोब्याची वाट बघणारा मी काही पहिला नव्हे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त खंजन पक्ष्यावर एक अख्खा अध्याय लिहिला आहे. खंजन म्हणजे आपला धोबीच. पावसाळ्यानंतर तो पहिल्यांदा कुठे, कशा जागी बसलेला दिसला, यावरून पुढचं वर्ष कसं जाईल याचे शकुन त्यात सांगितले आहेत. शकुनावर आपला विश्वास असो वा नसो, पण पक्षी मध्यंतरी नसतो आणि ठरावीक ऋतूत परत येतो हे दीड हजार वर्षांपूर्वी पक्कं माहीत होतं, त्याशिवाय 'पहिलं दर्शन' या शब्दांना अर्थच नाही. कालिदासाच्या 'मेघदूता'त राजहंस मेघाच्या सोबतीने मानस सरोवराकडे निघतात आणि हिमालयातल्या क्रौंचरंध्रातून पार होतात. काव्य म्हणून वाचा, पण दिशा बरोबर आहे. उत्तरेला, हिमालयापलीकडे.

त्या मानाने युरोपातल्या विद्वानांनी बराच गोंधळ घातला. ॲरिस्टॉटलसारखा माणूस लिहून गेला की हिवाळ्यात थिरथिऱ्याचा रॉबिन होतो. का, तर ग्रीसमध्ये एक दिसेनासा होतो त्याच सुमारास दुसरा दिसू लागतो. एका खात्यातून रक्कम गेली, दुसऱ्यात आली, म्हणजे रक्कम तीच, असा हा हिशेब! पुढे कितीतरी शतकं लोकांना वाटायचं की पाकोळ्या हिवाळ्यात तळ्याच्या चिखलात झोपतात. १८२२ साली जर्मनीत क्ल्युट्झ गावाजवळ एक बलाक मारला गेला, तर त्याच्या मानेतून आरपार आफ्रिकेतला भाला गेलेला. भाला घेऊनच तो तितक्या लांब उडत आला होता. तो पक्षी पेंढा भरून रोस्टॉकच्या विद्यापीठात अजून ठेवलेला आहे. बिचाऱ्याच्या मानेतला भाला हाच पुरावा ठरला.

आपल्या दख्खनच्या पक्ष्यांची पहिली शिस्तशीर यादी केली ती कर्नल साईक्स नावाच्या माणसाने. विल्यम हेन्री साईक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. गावं, पिकं, लोकसंख्या, वजनं-मापं मोजत तो आपल्या मुलखात हिंडला आणि जाता जाता पक्षीही मोजले. 'दख्खनचे पक्षी' ही त्याची यादी १८३२ साली लंडनला छापली गेली. आकडेमोडीच्या नोकरीतला माणूस पक्ष्यांच्या नादी लागला हे वाचून मला जरा धीर आला. त्याच्या नावाचा एक वटवट्या आहे, तोही हिवाळ्यात आपल्याकडे येणारा पाहुणाच.

मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली १५ सप्टेंबर १८८३ रोजी, म्हणजे ऐन धोबी येण्याच्या दिवसांत. आठ जण भायखळ्याच्या म्युझियममध्ये जमले, त्यांत दोन आपले डॉक्टर होते. प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. त्या आठांतला आणखी एक, एडवर्ड एटकिन, साताऱ्यात जन्मलेला आणि जकात-मिठाच्या खात्यात नोकरीला. त्याने १९०० साली मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिलं. जंगलातले नव्हेत, घराच्या आसपासचे पक्षी. हा माणूस आपल्या जातीचा. नोकरी सांभाळून, खिडकीतून बघणारा.

पण 'येतो' आणि 'जातो' एवढ्याने भागत नाही. तोच येतो का? हे कळायला पक्ष्यावर खूण पाहिजे. १८९९ साली डेन्मार्कमधल्या मॉर्टेन्सन नावाच्या शाळामास्तरांनी साळुंकीच्या जातीच्या पक्ष्यांच्या पायात ॲल्युमिनियमची नंबर घातलेली कडी अडकवली, आणि ही विद्या सुरू झाली. आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर कडी घालायचं काम सलीम अलींनी १९५९ पासून हाती घेतलं. त्याचं कारणही ऐकण्यासारखं आहे. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं आणि माणसं एका तापाने मरू लागली. हा विषाणू स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून उत्तरेकडून आला असेल का, अशी शंका निघाली आणि जागतिक आरोग्य संघटनेने या अभ्यासाला मदत केली. त्या कड्यांवर मुंबईच्या सोसायटीला कळवा अशी इंग्रजीत सूचना असे. सायबेरियात, मध्य आशियात कोणा शिकाऱ्याच्या हाती बदक लागलं की मुंबईला पत्र यायचं. एक प्रकारे बिअरर चेकच तो! कुठेही वटवा, पण शाखा कळवा.

यातला सगळ्यात मोलाचा प्रयोग हॉलंडमधला. १९५० च्या दशकात पर्डेक नावाच्या संशोधकाने स्थलांतरावर निघालेल्या अकरा हजारांवर साळुंक्या हेग शहराजवळ पकडल्या, विमानाने स्वित्झर्लंडला नेल्या आणि कडी घालून सोडल्या. त्या वर्षी जन्मलेली पोरं पूर्वीच्याच दिशेने उडत राहिली आणि भलतीकडे, फ्रान्स-स्पेनमध्ये पोचली. म्हातारे मात्र वळले आणि आपल्या नेहमीच्या मुक्कामाकडे गेले. याचा अर्थ, पहिल्या वर्षी दिशा आणि अंतर जन्मजात असतं, पण एकदा जागा पाहिली की ती जागा पक्ष्याच्या डोक्यात बसते. पुढच्या वर्षी तो 'भारत' शोधत नाही, 'पुणे'ही शोधत नाही. तो ओळखीची जागा शोधतो. तो ओढा, तो बांध. आमच्या बाबतीत तो चिखलाचा कोपरा.

हे वाचल्यावर मी चिखलाकडे निराळ्या नजरेने बघायला लागलो. पण कमिटीत काम करताना ती नजर उपयोगी पडली नाही. ती गोष्ट पुढे येतेच.

आधी बाकीच्या पाहुण्यांची ओळख करून देतो. पुष्कळ सभासदांना वाटतं पक्षी बघायला भिगवणला किंवा भरतपूरला जावं लागतं. जरूर जा. पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सकाळी सात वाजता मागच्या पट्टीजवळ दहा मिनिटं नुसते उभे राहा.

जास्वंदीच्या गचपणातून 'टक्, टक्' असा आवाज येतो. दोन वर्षं मी समजत होतो की वरच्या मजल्यावर कोणाचा गॅस लायटर पेटत नाही. तो ब्लिथचा वटवट्या. मातकट रंगाचा, दिसायला अगदीच बिनचेहऱ्याचा, पण येतो तो फिनलंड, रशिया, मध्य आशिया अशा भागांतून. ज्या ब्लिथचं नाव त्याला आहे, तो कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात तुटपुंज्या पगारावर वीस वर्षं काम करत होता. कडुनिंबाच्या शेंड्याला पानापानांतून नाचतो तो हिरवट वटवट्या. त्याचं वजन सात-आठ ग्रॅम, म्हणजे आपलं दहा रुपयांचं नाणं असतं तेवढं. तेवढा जीव हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून येतो. हे वटवटे रात्री प्रवास करतात. दिशा ताऱ्यांवरून आणि पृथ्वीच्या चुंबकत्वावरून धरतात, आणि निघण्याआधी अंगात चरबीची ठेव करतात. वाटेत ती मोडत मोडत यायचं. पहिल्यांदाच येणारी पोरं बहुतेक आई-बापांशिवाय येतात. आपण आपल्या मुलांना एकट्याने स्वारगेटला पाठवताना चारदा फोन करतो.

सप्टेंबर सरता सरता कंपाउंडच्या भिंतीवर थिरथिऱ्या येतो. नर काळा, पोट आणि शेपूट विटकरी, आणि शेपटी अशी थरथरते की हुडहुडी भरली आहे. तोही हिमालय-तिबेटकडचा. दिवाळीच्या सुमाराला माशीमार येतो, चिमणीहून लहान, शेपटी उभी करणारा, नराच्या गळ्याशी नारिंगी रंग. पूर्व युरोपातले बहुतेक छोटे पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेला जातात. हा मात्र उलट वाट धरून आपल्याकडे येतो. का येतो ते त्याच्या पूर्वजांना विचारावं लागेल. आणि नोव्हेंबरात गच्चीवरून कधी तरी अमूर ससाण्यांचा थवा दिसला, तर नमस्कार करा. ते सायबेरिया-चीनकडून निघून नागालँडमार्गे, आपला देश ओलांडून, अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेला जातात.

आता माझी चूक.

२०१२ साली मी सोसायटीचा खजिनदार होतो. बत्तीस फ्लॅट, त्यांत गाड्यांची संख्या वाढलेली. पार्किंगवरून दर महिन्याला भांडणं. मागच्या पट्टीत पेव्हर ब्लॉक टाकले तर सहा गाड्या बसतील असा हिशेब मीच मांडला. कोटेशन मीच मागवलं. ओव्हरफ्लोचा पाइप दुरुस्त करून गटाराला जोडण्याचं कामही त्यातच घातलं, कारण "पाणी वाया जाते व दुर्गंधी येते" असा शेरा इतिवृत्तात माझ्याच हस्ताक्षरात आहे. विशेष सभेत सौ. उठून म्हणाली, "त्या परटाला विचारलं का?" सगळे हसले. मीही हसलो. ठराव एकमताने मंजूर झाला. तिने हात वर केला नव्हता, पण मी एकमताने असंच लिहिलं.

झाडं ठेवली, पण बुंध्यापर्यंत ब्लॉक. त्या सप्टेंबरला धोबी आला. ब्लॉकवर उतरला. इकडून तिकडे चालला, कोपऱ्यापर्यंत गेला, परत आला, शेपटी हलवत भिंतीवर बसला. असं दोन दिवस. तिसऱ्या दिवशी नव्हता. वहीत शेरा आहे, "जागा बदललेली आढळली." वाक्य माझंच. बँकेत पत्ता बदललेल्या खातेदाराची नोटीस परत आली की असंच लिहायचो.

२०१३, धोबी नाही. २०१४, नाही. रकाना रिकामा ठेवायची मला सवय नाही, म्हणून आडवी रेघ मारली. जास्वंदी काढल्यामुळे लायटरचा आवाजही गेला. थिरथिऱ्या तेवढा भिंतीवर येत राहिला, त्याला भिंत पुरते.

पक्ष्याला जे दोन दिवसांत कळलं, ते आपल्याला कळायला तीन वर्षं लागली. ज्यांना आठवत असेल ते मान डोलावतील. पेव्हर टाकल्यावर पावसाचं पाणी मुरेना, ते ए-विंगच्या तळमजल्यात शिरलं. माझ्याच घरात पहिल्यांदा. २०१५ साली पाऊस कमी झाला, पुण्यात एक दिवसाआड पाणी सुरू झालं आणि आपली बोअर, जी कधी आटली नव्हती, ती जानेवारीत खाकरायला लागली. टँकरचं बिल बघून खजिनदाराचे डोळे पांढरे झाले. मी राजीनामा दिला नाही, पण सभेत उभा राहून सांगितलं की तो हिशेब चुकीचा होता. सहा गाड्यांची जागा जमेला धरली, मुरणारं पाणी धरलंच नाही.

मे २०१६ मध्ये पट्टीचा निम्मा भाग पुन्हा उकरला. शोषखड्डा केला, गच्चीचं पाणी त्यात सोडलं. चार सभासदांनी गाड्या रस्त्यावर लावायचं कबूल केलं. त्यांची नावं त्यांनी छापू नका म्हणून सांगितलं आहे, पण या पंचवीस वर्षांत सोसायटीसाठी सगळ्यात मोठी देणगी कोणी दिली असेल तर त्यांनी. सौ. रोज संध्याकाळी नव्याने लावलेल्या जास्वंदीला पाणी घालायची. कोपऱ्यात तिने एक पसरट मातीची परात पुरून ठेवली, आणि तिच्यात थेंब थेंब पडेल असा नळ मुद्दाम गळका ठेवला. प्लंबर दुरुस्त करायला आला तर तिने त्याला चहा पाजून परत पाठवलं.

त्या सप्टेंबरला धोबी आला नाही. जानेवारी २०१७ मध्ये सौ. गेली. २०१७ च्या सप्टेंबरलाही रेघच.

८ सप्टेंबर २०१८, शनिवार. गणपती यायला पाच दिवस होते. सुट्टीला आलेली नात, तेव्हा सात वर्षांची, खिडकीतून ओरडली, "आबा, एक येलो बर्ड शेपटी हलवतोय, सारखी!" मी गेलो. परातीच्या काठावर होता.

तो जुना धोबी नव्हता, हे मला समजतं. एवढासा पक्षी, मध्ये सहा वर्षं गेलेली. पायात कडं नाही, त्यामुळे पुरावाही नाही. असेल कुणी पहिल्या खेपेचं पोर, उडता उडता ओल दिसली आणि उतरलं. पण २०१९ ला तो पुन्हा आला, ७ तारखेला. म्हणजे कोणाच्या तरी डोक्यात आपली जागा पुन्हा बसली. तेव्हापासून आजपर्यंत एकही रेघ नाही. गेल्या वर्षी ५ सप्टेंबर.

वहीत 'कोणी पाहिला' हा रकाना आहे. २०१२ पर्यंत धोब्यासमोर दरवर्षी 'सौ.' आहे, कारण स्वयंपाकघराची खिडकी तिची. २०१८ ला मी नातीचं नाव लिहिलं. तिने विचारलं, "हे सगळीकडे सौ. म्हणजे कोण?" तेव्हा तिला ही सगळी गोष्ट सांगितली. पुढे लॉकडाउनच्या वर्षी तर सोसायटीतली सात-आठ पोरं जिन्यात मास्क लावून बसायची आणि आळीपाळीने नोंद करायची. त्या वर्षीच्या वहीत हस्ताक्षरं सात आणि शुद्धलेखन एकाचंही धड नाही, पण माझ्या मते ती सर्वांत चांगली वही आहे.

या वह्यांचा उपयोग काय, असं काही जण विचारतात. २००७ साली आपल्या देशात 'मायग्रंटवॉच' नावाचा उपक्रम सुरू झाला. स्थलांतरित पक्षी तुमच्याकडे पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसला, एवढंच लोकांनी कळवायचं. माझ्या तारखा मी तिकडे पाठवल्या होत्या. आता नात त्या ई-बर्डवर भरते. हवामान बदलतं आहे असं आपण सगळे म्हणतो. पण पक्षी लवकर यायला लागले की उशिरा, हे सांगायला कोणाकडे तरी जुन्या तारखा हव्यात, एकाच जागेच्या, वर्षानुवर्षांच्या. साईक्सने लिहून ठेवलं म्हणून दख्खनचे पक्षी समजले. मॉर्टेन्सन मास्तरांनी नंबर लिहून ठेवले म्हणून वाट समजली. आणि माझ्या आडव्या रेघाही नोंदीच आहेत. 'नाही आला' हेसुद्धा लिहावं लागतं.

शेवटचा मुद्दा, आणि त्यासाठीच एवढं पाल्हाळ लावलं. रौप्यमहोत्सवाबरोबर आपल्याकडे पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली आहे. मी विरोधक नाही. तरुण मंडळींना मोठी घरं हवीत, प्लंबिंग जुनं झालं आहे, हे मला दिसतं. पण आलेल्या प्रस्तावांचे नकाशे मी भिंग लावून बघितले. दोन्हींत मागच्या पट्टीच्या जागी रॅम्प आहे आणि बाग आहे ती पार्किंगच्या डोक्यावर, दीड-दोन फूट मातीत. तिथे लॉन होईल, कडुनिंब होणार नाही. आणि पाणी मुरण्याचा प्रश्नच नाही.

म्हणून माझी जनरल बॉडीला विनंती आहे की निविदेच्या अटींत एक ओळ घालावी. मागची पट्टी, कडुनिंब आणि उंबरासकट, जमिनीला लागून माती म्हणूनच राहील आणि गच्चीचं पाणी तिच्यातच मुरवलं जाईल. एक ओळ. २०१२ साली माझ्या हिशेबात जी सुटली होती ती.

होईल का, असं वाटत असेल तर एक उदाहरण देतो. नागालँडमध्ये दोयांग जलाशयापाशी २०१२ साली अमूर ससाणे हजारोंनी जाळ्यात पकडून मारले जात होते. देशभर बोभाटा झाला. गावपंचायती, चर्च, सरकार आणि पक्षीप्रेमी एकत्र बसले, आणि २०१३ च्या हंगामात त्याच गावांनी शिकार बंद ठेवली. त्या वर्षी तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला कळवणारी यंत्रं बसवली. नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती, त्यातलं पांगती हे तिथल्या गावाचंच नाव. ज्यांचं पोट त्या पक्ष्यांवर काही अंशी चालत होतं, त्यांनी एका वर्षात बदल केला. आपल्याला फक्त एक रॅम्प थोडा सरकवायचा आहे.

माझं वय आता शहात्तर. नवी इमारत उभी राहील तेव्हा मी असेन की नाही, सांगता येत नाही. वह्या मात्र तयार आहेत, तेवीस वर्षांच्या, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. सोसायटीच्या दप्तरात जागा असेल तर इतिवृत्तांशेजारी ठेवाव्यात. नाही तर पोरांकडे द्याव्यात, त्यांना रकाने समजतात.

आणि येत्या सप्टेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत कोणीही सकाळी सातला ए-विंगच्या मागे यावं. चहा माझ्याकडे. नळ गळका आहे, तो दुरुस्त करू नये.